सोळा फ्लॉप्यांतली झांकी

खिरेजी आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरीला लागले तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि मी तेवीस वर्षांची. मी शिकवणारी, ते सांभाळणारे. सांभाळणारे म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं, मुलांच्या चपला दाराबाहेर ओळीत लावून घ्यायच्या, मशिनींवरची धूळ पुसायची आणि लाइट गेली की धावत जाऊन सगळी बटणं बंद करायची. क्लास जुन्या इंदूरमध्ये भांड्यांच्या दुकानावर होता. त्या काळात इंदूरमध्ये दर तिसऱ्या जिन्यावर असा एकेक क्लास उघडत होता, आणि तिकडे परदेशीपुऱ्याच्या बाजूला एकेक मिल बंद होत होती. खिरेजी या दोन्हींच्या मधोमध सापडलेला माणूस होता.

मिलमध्ये ते गठान खात्यात होते. विणून, धुऊन, घडी घालून आलेलं कापड प्रेसखाली दाबायचं, वर गोणपाट शिवायचं आणि लोखंडी पट्ट्या आवळून गाठ बांधायची, हे त्या खात्याचं काम. शेवटची काही वर्षं ते तिथले जॉबर, म्हणजे मुकादम होते. मिल गेली पण हात गेले नाहीत. क्लासमधल्या मशिनींची कापडी आवरणं ते अशी घडी घालून ठेवत की आठ आवरणं एका खणात बसत आणि वर डबा ठेवायला जागा उरे. कोणतीही वस्तू ठेवायच्या आधी ते तिच्यावर तळहात टेकवून एकदा हलकेच दाबत. डब्यातल्या पोळ्यासुद्धा. एकदा मी त्यांना यावरून चिडवलं तर गंभीरपणे म्हणाले, "मॅडमजी, चीज मोठी नसते. तिच्यात हवा असते."

हवा काढणं हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग होता. मी शिकवताना फार लांबण लावली की ते दारातून बोटांनी दाबल्याची खूण करत. मला राग येई. मुलं हसत. पण पुढच्या बॅचला मी तेच निम्म्या वेळात शिकवत असे, हेही खरं.

फाइल दाबण्याचं वेड त्यांना माझ्यामुळेच लागलं. एक मोठी फाइल फ्लॉपीत मावत नव्हती म्हणून मी ती एका छोट्या प्रोग्रामने लहान केली आणि फ्लॉपीत घातली. खिरेजी मागे फडकं घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, उरलेली फाइल कुठे गेली? मी म्हटलं, कुठे नाही, सगळी आतच आहे, उघडली की पहिल्यासारखी होते. त्यांनी ती मला उघडून दाखवायला लावली. मग पुन्हा दाबायला लावली. त्या दिवशी मशिनींवरची धूळ तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. इंग्रजी जेमतेम, पण काळ्या पडद्यावर जे चार-पाच शब्द टाइप करायचे ते त्यांनी तळहातावर पेनाने लिहून पाठ केले. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मैत्रिणीने आणखी दोन तसेच प्रोग्राम आणून दिले, आणि खिरेजींची परीक्षा सुरू झाली. दुपारी एक ते चार क्लास रिकामा असे. मालक जेवायला घरी जात. त्या वेळात खिरेजी टेबलावर मिलमधलं जुनं स्टॉपवॉच ठेवत, वही उघडत आणि एकच फाइल तिन्ही प्रोग्रामांत दाबून बघत. किती वेळ लागला, किती लहान झाली. प्रत्येकात तीनदा दाबायची आणि मधला आकडा लिहायचा. सरासरी त्यांना मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, एक माणूस बीमार असला आणि एक जास्त जोशात असला तर दोघांची बेरीज करून तिसऱ्याचं काम कसं कळणार?

त्या प्रोग्रामांची तीन अक्षरी इंग्रजी नावं त्यांनी एकदाही उच्चारली नाहीत. पहिल्याचं नाव त्यांनी ठेवलं कन्हैया आणि दुसऱ्याचं रहमत. हे दोघं त्यांच्या प्रेसवरचे गडी. कन्हैयाचा हात झपाट्याचा, पण त्याची गाठ जरा ढिली. रहमत एका गाठीला दीड गाठीचा वेळ घ्यायचा, पण त्याने बांधलेली गाठ उघडायला सुरी लागायची. तिसरा प्रोग्राम सगळ्यांत नवा होता, म्हणून तो 'नवा भरती'. तो हळू होता, अगदी रहमतपेक्षाही हळू, पण त्याच्यात एक खुबी होती. पुष्कळ फाइली असल्या तर त्या वेगवेगळ्या न दाबता सगळ्या मिळून एकच थप्पी समजून तो दाबायचा. मग त्याची गाठ रहमतहूनही लहान व्हायची. खिरेजी त्याच्याकडे पुष्कळ दिवस संशयाने बघत होते.

एकदा त्यांनी कन्हैयाने दाबलेली फाइल रहमतला दाबायला दिली. ती लहान व्हायच्या ऐवजी थोडी मोठीच झाली. खिरेजी इतके हसले की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. दाबलेली गाठ पुन्हा प्रेसखाली घालणारा एक नवखा साहेब मिलमध्ये येऊन गेला होता म्हणे.

मुलं त्यांना विचारत, खिरेजी, अच्छा कौनसा? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "रोज खोलायचं असेल तर कन्हैया. पेटीत ठेवून द्यायचं असेल तर रहमत." मालकांनाही हे पटलं आणि क्लासच्या सगळ्या फ्लॉप्यांचं काम खिरेजींकडे आलं. मी त्यांना इतकं खूश पाहिलं ते त्याच चार-सहा महिन्यांत.

खरं म्हणजे ते हे सगळं नुसत्या हौसेखातर करत नव्हते. हे मला गणपती जवळ आल्यावर कळलं.

अनंत चतुर्दशीला इंदूरमध्ये एकेका मिलच्या झांक्या निघतात. रथांवर हलते देखावे, दिव्यांची आरास, सगळं मिलच्या कामगारांनी बनवलेलं. खिरेजींच्या मिलच्या झांकीत हत्तीची सोंड हलायची ती कशी, कालिया नाग फणा काढायचा तो कसा, याचे नकाशे मिलच्या सुताराने आणि वायरमनने मोठ्या कागदांवर काढून ठेवलेले होते. आणि दर वर्षी झांकी तयार झाली की मिलच्या आवारात, रथासमोर, ती बनवणाऱ्या सगळ्यांचा एक फोटो निघायचा. चाळीस वर्षांचे चाळीस फोटो. तो अल्बम आणि नकाशांची भेंडोळी मिलच्या ऑफिसात एका कपाटात होती, ऑफिसला सरकारी कुलूप होतं आणि आतलं सगळं एक दिवस लिलावात जाणार होतं.

कुलपावरचा चौकीदार खिरेजींचाच जुना गडी होता. पण परस्पर काही बाहेर काढू द्यायला तो घाबरत होता. खिरेजींनी वरच्या साहेबाला अर्ज केला, दोन महिने चकरा मारल्या आणि शेवटी आठ दिवसांसाठी अल्बम आणि भेंडोळी बाहेर काढायची परवानगी मिळवली. सही करून. चाळीस फोटोंचे स्टुडिओत नवे फोटो काढून घेणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. क्लासमध्ये मात्र हातात धरून फिरवायचा एक स्कॅनर नुकताच आला होता. खिरेजींच्या डोक्यात कधीपासून हेच चाललं होतं: सगळं मशिनीत घ्यायचं, दाबायचं आणि फ्लॉप्यांत भरून घरी ठेवायचं. मालक म्हणाले, करा, पण डिस्क मला सोमवारी रिकामी पाहिजे, नवी बॅच आहे.

स्कॅनिंग मी केलं. तो स्कॅनर इस्त्रीसारखा कागदावरून ओढायचा. हात जरा थरथरला की फोटोतली माणसं तिरकी व्हायची आणि पुन्हा ओढावं लागायचं. खिरेजी शेजारी उभं राहून प्रत्येक फोटोतली नावं सांगत. मला ती ऐकायला वेळ नव्हता. मी सरळ रेघेकडे बघत होते.

सगळं मशिनीत आल्यावर खिरेजींनी दाबून बघितलं. नकाशांचं काही नव्हतं, कोऱ्या कागदावर चार रेघा, त्या दाबून दीडएक फ्लॉपीत मावल्या. फोटो मात्र ऐकेनात. कन्हैयाने फार तर चौथा हिस्सा कमी केला, रहमतने त्याहून थोडा जास्त. त्यात गंमत अशी की त्या चाळिसांशिवाय एक फोटो कोणीतरी नुसत्या रथाचा काढलेला होता, मागे मोकळं आवार. तो निम्म्याच्या खाली आला. जितकी माणसं जास्त तितका फोटो दाबायला अवघड. खिरेजी बराच वेळ वहीतल्या त्या ओळीकडे बघत बसले होते.

त्यांच्याकडे फ्लॉप्या होत्या सोळा. मुलांनी टाकून दिलेल्या, त्यांनी पुसून ठेवलेल्या. रहमतच्या हिशेबाने एकोणीस लागत होत्या.

मी त्यांना दुसरा रस्ता सुचवला. फोटो लहान करायची एक नवी पद्धत निघाली होती, जी डोळ्याला न कळणारं काही काही टाकून देते. फोटो दहाव्या हिश्शावर येतो. चारच फ्लॉप्यांत सगळं मावलं असतं. मी एक फोटो करून दाखवला. त्यांनाही फरक दिसला नाही. मग म्हणाले, मोठा करा. मागच्या रांगेत, रथाच्या चाकाआड अर्धा झाकलेला एक माणूस होता. मोठं केल्यावर त्याच्या चेहऱ्याच्या जागी चार-पाच राखाडी चौकोन होते.

मी म्हटलं, एवढं मोठं करून कोण बघणार आहे?

"मॅडमजी, हा किशनलाल आहे. चाकाचं सगळं काम याचं," ते म्हणाले. "याचा चेहरा नाही लागत हे कोणी ठरवलं? मिलमध्ये एक बार असंच ठरवून झालं. आता मी नाही ठरवणार."

मग राहिला नवा भरती. सगळं एक थप्पी करून दाबणारा. त्याने सोळांत बसवलं असतं. अडचण एवढीच होती की त्याला जवळजवळ तीन तास लागणार होते आणि चार वाजता आमच्या भागात रोज लाइट जात होती. मध्येच गेली तर पुन्हा पहिल्यापासून. खिरेजींनी दोन दिवस त्याला लहान लहान थप्प्यांवर पळवून बघितलं, आकडे मांडले, आणि एक वाजता सुरू केलं तर पावणेचारला संपेल असं काढलं.

त्या प्रोग्रामबरोबर इंग्रजीत छापलेली काही पानं आली होती. ती त्यांनी मला वाचून सांगायला दिली. मी कुठलं बटण, कुठली अक्षरं ते सांगितलं. खाली एक परिच्छेद होता. सगळ्या फाइली एक करून दाबल्या आणि त्यातला एखादा तुकडा खराब झाला तर त्याच्यापुढचं काहीही उघडणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. मी तो वाचला, मनातल्या मनात. पाच वाजताची बॅच दारात उभी होती. खिरेजींनी विचारलं, और काही? मी म्हटलं, नाही, बाकी काही खास नाही.

त्यांना स्वतःहून हा धोका सुचणं शक्य नव्हतं. गाठीला पट्ट्या पुष्कळ असतात. त्यातली एक तुटली तर बाकीच्या गाठ धरून ठेवतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. सोळा फ्लॉप्यांतली एखादी गेली तर तिच्यातले दोन-तीन फोटो जातील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

शनिवारी एक वाजता त्यांनी सुरू केलं. त्या दिवशी मीही जेवायला घरी गेले नाही. खिरेजी खुर्चीवर बसले नाहीत. मशिनीच्या डब्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मशीन पुढची फ्लॉपी मागायचं, ते भरलेली काढून दुसरी घालत आणि काढलेलीवर नंबर लिहीत. तीन वाजता पंखा जरा मंद झाला तसं आम्ही दोघांनी वर बघितलं, पण लाइट गेली नाही. पावणेचारला सहा मिनिटं कमी असताना सोळावी फ्लॉपी भरली. त्यांनी सगळं एकदा उघडून बघितलं. किशनलाल चाकाआड होता. खिरेजी डोळे पुसत खाली गेले आणि कचोऱ्या घेऊन आले.

सोमवारी डिस्क रिकामी झाली. आठव्या दिवशी त्यांनी अल्बम आणि भेंडोळी मिलच्या ऑफिसात परत नेऊन दिली. मी म्हटलं होतं, नका देऊ, कोण विचारतंय? त्यांना ते आवडलं नाही. सही केली होती ना.

पुढे माझी नोकरी बदलली. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागले. खिरेजी अधूनमधून भेटत. फ्लॉप्यांचा दुसरा संच करायचा आहे म्हणत, मीही करू म्हणत असे. फ्लॉप्या स्वस्त झाल्या, मग आणखी स्वस्त झाल्या. आमचं ते 'करू' काही होईना. दोन पावसाळ्यांत मिलच्या ऑफिसचं छप्पर बसलं आणि तिसऱ्या वर्षी ते सगळंच पाडलं. कपाटातल्या कागदांचा लगदा झालेला चौकीदाराने पाहिला होता. ही बातमी मला खिरेजींनीच सांगितली, आणि सांगताना ते फारसे हळहळले नाहीत. घरी फ्लॉप्या होत्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते माझ्या लॅबमध्ये आले, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. जुन्या मिलवाल्यांना फोटो दाखवायचे होते, छापून मिळतील का विचारत होते. पहिली फ्लॉपी वाचली. दुसरी वाचली. तिसरी घातल्यावर मशीन खरखरायला लागलं. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना तो आवाज माहीत आहे. मी चार मशिनींवर घालून बघितली. कुठेच वाचेना.

"जाऊ द्या ती," खिरेजी म्हणाले. "चौथी घाला."

तेव्हा मला त्यांना सांगावं लागलं. चौथीपासून सोळावीपर्यंत सगळ्या फ्लॉप्या चांगल्या होत्या आणि त्यातलं एक अक्षरही उघडणार नव्हतं. पहिल्या दोनांत नकाशे होते आणि तो माणसं नसलेला रथाचा फोटो. हत्तीची सोंड, नागाचा फणा, चाकांची मापं, सगळं आलं. माणूस एकही आला नाही. मी त्या परिच्छेदाचंही सांगितलं. मी तो वाचला होता आणि सांगितला नव्हता, हे सरळ सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते डब्यात फ्लॉप्या नंबराने लावत होते. लावून झाल्यावर म्हणाले, "पाच वाजताची बॅच होती त्या दिवशी. मुलं दरवाज्यात उभी होती." माझी बाजू त्यांनीच मांडली आणि डबा घेऊन गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. तीन-चार महिने गेले असतील. परदेशीपुऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मला जायचा धीर होत नव्हता, पण त्यांच्या बायकोचा, काकूंचा निरोप आला की हे फार वाळलेत, तुम्ही या. दुपारची वेळ होती. खिरेजी खिडकीशी बसले होते. मनगटं बारीक झाली होती. समोर एक लांब वही आणि लाकडी पट्टी.

वहीत एकेका पानावर एकेक फोटो होता. म्हणजे फोटो नाही, चौकटी. कोण कुठल्या रांगेत कुठे उभं होतं, तेवढ्या जागी पट्टीने आखलेली चौकट, चौकटीत नाव, खातं, आणि काय केलं ते. सोंड. दिवे. चाक. रंग. त्यांच्या चाळीसपैकी सदतीस पानं झाली होती. कोणाचं नाव अडलं तर ते उन्हातान्हात त्याच्या नातलगांकडे जाऊन विचारून आले होते. काकू म्हणाल्या, पाय सुजतात, ऐकत नाहीत.

त्यांनी एक पान माझ्यापुढे केलं. शेवटच्या वर्षांतलं एक. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी जागा तेवढी कोरी होती, बाकी सगळी भरलेली.

"हा एकच नाही आठवत, बेटा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा बेटा म्हणाले. "सगळ्यांना विचारून आलो. कन्हैयाला पण नाही आठवत. हा फोटो तुम्ही मशिनीत घेतला होता, तीन बार ओढावा लागला होता. काही ध्यानात आहे का? चष्मा, मिशा, काही पण. मग मी शोधून काढीन."

तीनदा ओढावा लागला ते माझ्या चांगलं लक्षात होतं. रेघ कशी तिरकी गेली तेही. माणसाचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि म्हटलं, चष्मा होता.

त्यांनी पेन उचललं. मग माझ्याकडे बघितलं.

"पक्कं की बहुतेक?"

मी म्हटलं, बहुतेक.

त्यांनी मान हलवली, टोपण लावून पेन बाजूला ठेवलं आणि पेन्सिल घेतली. पट्टी लावली. डावीकडून चौथ्या जागी एक रिकामी चौकट आखली, शेजारच्यांच्या चौकटीएवढीच, आणि नेहमीसारखा तिच्यावर तळहात न दाबता पान उलटलं.